माशांच्या पेटीतील झाडांना खत

हल्ली गावातल्या घरांतही काचेच्या पेटीत मासे पाळतात आणि सोबत हायड्रिलासारखी जिवंत झाडे लावतात. ती पिवळी पडली की आपला हात सवयीने युरियाकडे जातो. माझाही गेला होता. मुलीच्या पेटीत मी चिमूटभर युरिया टाकला. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. कृषी पदवीधराच्या घरची ही गोष्ट!

युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि तो माशांना विषारी असतो. बोअरच्या पाण्याचा सामू जास्त असेल तर अधिकच. १९:१९:१९ देखील नको, त्यातही युरिया असतो. मुळात नत्र व स्फुरद माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून मिळतेच. कमी पडते ते पालाश आणि लोह. जुन्या पानांना भोके पडली तर पालाश कमी समजा. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्या तर लोह.

शंभर लिटर पाण्याला आठवड्यातून एकदा १ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पेलाभर पाण्यात विरघळवून द्यावे. चिलेटेड लोह (१२ टक्के) १ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातले १०० मिलि पुरे. फवारणीचे सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण मात्र वापरू नका. त्यातल्या तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी आमच्याकडे कढीपत्त्याला जाते.