साथ नसतानाचा पहारा

३० जानेवारी २०२० रोजी केरळातील रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासला गेला आणि भारतातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान झाले. त्या मार्चमध्ये गोव्यातील संशयितांचे नमुनेही पुण्यालाच धाडावे लागत. अहवाल येईतो घरच्यांचा जीव टांगणीला लागे. बांबोळीला तपासणीची सोय झाली, तेव्हा कुठे आम्हां गोमंतकीयांना हायसे वाटले.

म्हणून पुण्याची गरज संपली काय? मुळीच नाही. स्थानिक प्रयोगशाळा रोग ओळखते. विषाणूने रूप पालटले काय हे पाहणे आणि इतरांच्या निष्कर्षांची पारख करणे, हे संदर्भ प्रयोगशाळेचे कार्य होय. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यावयाचे, हेही दरवर्षी अशाच जगभरच्या टेहळणीवरून ठरते.

१९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेची राज्यकर्त्यांना साथीत आठवण होते आणि साथ ओसरताच विसर पडतो. आमचे मागणे साधे आहे. पावसाळ्यात फ्लू बळावतो, तेव्हा आपल्या इस्पितळांतून निवडक नमुने नियमाने पुढे जावेत आणि या कामाला पैसा व माणसे बारमाही मिळावीत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे.