केव्हाचा वाट पाहून राहिलो!

इंग्रजीच्या बारा काळांपैकी मराठी पोरांना सगळ्यात जास्त छळणारा काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, चालू पूर्ण वर्तमानकाळ. नावापासूनच घोळ! जे पूर्ण झालं ते चालू कसं? मग फळ्यावर सूत्र येतं: हॅव किंवा हॅज, पुढे बीन, पुढे आयएनजी. पोरं पन्नास वाक्यं घोटतात, पेपरात मार्क मिळवतात, आणि बोलायची वेळ आली की "आय ॲम लिव्हिंग इन काटोल सिन्स टेन इयर्स" म्हणून मोकळी होतात.

यात पोरांचा मठ्ठपणा काही नाही. मराठीत "मी दहा वर्षांपासून काटोलात राहतो" एवढ्यावर काम भागतं. काळाचं सगळं ओझं एकटा "पासून" वाहतो. शिवाय तो "२०१५ पासून" लाही चालतो आणि "दहा वर्षांपासून" लाही. इंग्रजीला तिथे दोन शब्द लागतात. सुरुवात सांगायची तर सिन्स, लांबी मोजायची तर फॉर.

व्याकरणाच्या पुस्तकात याचं मराठी "मी वाट पाहत आलो आहे" असं देतात. बस स्टँडवर असं कुणी बोलताना ऐकलंय? आमच्या काटोल-नागपूरकडे माणूस म्हणतो, "केव्हाचा वाट पाहून राहिलो." गंमत बघा, "राहिलो" हे रूप भूतकाळाचं, पण वाट पाहणं अजून चालूच! इंग्रजीतही "बीन" मागचं सांगतं आणि "वेटिंग" चालू असलेलं. म्हणजे पूर्ण आणि चालू एकत्र नांदवायची सवय आमच्या पोरांच्या जिभेला घरूनच असते.

आणि नेमकं हेच "करून राहिलो" शाळेत अशुद्ध म्हणून खोडलं जातं. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आलं, पण घरची बोली मात्र वर्गाबाहेर चपलांसोबतच ठेवायची. पोरगं तोंड उघडायला घाबरतं ते इथून. ज्याला स्वतःच्या बोलीची लाज वाटायला लावली, तो परक्या भाषेत धीटपणे कसा बोलणार?

माझं म्हणणं साधं आहे. सराव घरच्या वाक्यांनी करा. "आठ दिवसांपासून पाऊस पडून राहिला", इट हॅज बीन रेनिंग फॉर एट डेज. "बाबा सकाळपासून संत्री तोडून राहिले", बाबा हॅज बीन पिकिंग ऑरेंजेस सिन्स मॉर्निंग. नुसतं "काय करून राहिला?" असेल तर तो साधा चालू काळ, व्हॉट आर यू डुइंग. "पासून" किंवा "केव्हाचा" आला की मगच बीन आणायचं. आणि "मी त्याला दहा वर्षांपासून ओळखून राहिलो" असं आमच्याकडेही सहसा म्हणत नाहीत. इंग्रजीतही तिथे आयएनजी चालत नाही, आय हॅव नोन हिम. पोरं हा फरक कानाने पकडतात, सूत्र नंतर आलं तरी चालतं.

प्रमाण मराठी शिकवूच नका असं मी म्हणत नाही. ती लिहिता आलीच पाहिजे. पण सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आमच्या नातलगांना एक विनंती, इथली पोरं "खेळून राहिलो" म्हणाली की हसू नका. व्याकरण त्यांच्याजवळ आहे, फक्त त्यांना कुणी ते सांगितलेलं नाही.