सेवाभावाला हवी विद्येची जोड

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचे खोरे हादरले आणि पाटण तालुक्याचे नाव देशभर पोहोचले. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० जीव गेले. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतो काय, या प्रश्नाच्या अभ्यासात तेव्हापासून जगभर कोयनेचा दाखला दिला जातो. केंद्र शासनाची भूभौतिक प्रयोगशाळा कराडला आहे. सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदून या भूमीची नाडी तपासली गेली. शास्त्रज्ञ दूरदूरहून पाटणला येतात. पाटणचे किती विद्यार्थी या विद्येकडे वळतात?

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींनी घरेच्या घरे गिळली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तळेगावजवळ. वाडीचा रस्ताच वाहून गेला असता तेथून पथक येणार कसे आणि केव्हा? ढिगाऱ्याला पहिला हात लागतो तो शेजाऱ्याचा. त्याच्या ठायी धैर्य असते, माया असते. परंतु ढिगारा कोणत्या बाजूने उपसावा, मणक्याला मार बसलेल्यास कसे उचलावे, वरचा उतार पुन्हा सुटेल काय, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. येथे निव्वळ सेवाभावाने भागत नाही.

शिकण्याच्या सोयी नाहीत असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकविला जातो, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदविका घरी राहून करता येते, नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय तर १९५६ पासूनचे. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले.

तरीही पालक विचारतात, पोटापाण्याचे काय? प्रश्न रास्त आहे. केवळ पदविकेच्या कागदावर नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. भूशास्त्र, स्थापत्य, परिचर्या यांपैकी एका विद्येत पाय रोवून मग हा विषय घेणाऱ्यास विमा कंपन्यांपासून महापालिकांपर्यंत वाव आहे. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील ही पदे कंत्राटावर भरून अनुभवी माणूस टिकेल, ही शासनाची अपेक्षा तर अनाकलनीयच म्हटली पाहिजे.

२०१४ साली माळीण गाव गाडले गेले, तेव्हा जगाला ते कळले एका एसटीचालकामुळे. पाटणच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकेका वाडीमागचा उतार पायी फिरून पाहावा, भेगा व नवे झरे नोंदवावेत आणि तो नकाशा तहसील कचेरीत नेऊन द्यावा. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.