'वाढीचं दुखणं' नावाची पळवाट

खारी पहिल्यांदा लंगडली तेव्हा सहा महिन्यांची होती. सकाळी गादीवरून उठली, पुढचा डावा पाय जपून टाकत चार-पाच पावलं चालली आणि मग काही झालंच नाही अशी बॉलमागे धावली. मी स्टँडअप कॉलवर होतो. कॅमेरा बंद करून तिचा पाय दाबून पाहिला, तिने माझा हात चाटला. विषय संपला. चार दिवसांनी परत तेच. मग आठवडाभर काही नाही. मग सलग दोन दिवस.

त्यानंतरचे दोन महिने मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण आत्ता नेमकं तेच करत असतील.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, वाढतं वय आहे. तुझे नाही का पाय दुखायचे रात्री? आजी तेल चोळायची आणि सकाळी तू उड्या मारत शाळेत जायचास." संध्याकाळी सोसायटीच्या बागेत कुत्री घेऊन येणाऱ्यांची सभा भरते, तिथे एकमताने ठराव झाला: कॅल्शियम. दुकानातल्या दादाने न विचारता सिरप काढून दिलं, "लॅबला लागतंच." मी ते रोज दिलं. उत्साहात डबल डोसही दिला. खारी अधूनमधून लंगडत राहिली आणि मी अधूनमधून काळजी करत राहिलो.

माझं भांडण याच 'अधूनमधून'शी आहे. ऑफिसात एखादा बग दहा वेळांत एकदाच दिसला म्हणून मी तो 'दिसत नाही' असं लिहून बंद केला, तर रिव्ह्यूमध्ये माझी सालटी निघतील. कधीतरी दिसणारा बग सगळ्यात चिवट असतो, हे मला पगार घेऊन शिकवलं गेलंय. मग घरातल्या जिवाच्या बाबतीत 'आज ठीक आहे ना' एवढ्यावर तिकीट बंद करायला मी कसा तयार झालो? उत्तर लाजिरवाणं आहे. मला तेच उत्तर हवं होतं. त्याला पैसे लागत नव्हते आणि रजाही लागत नव्हती.

आता बाबांच्या बाजूने बोलतो. ते पूर्ण चुकीचे नव्हते. वाढीचं दुखणं खरंच असतं. पॅनोस्टायटिस नावाचा आजार मोठ्या जातीच्या पिल्लांना साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होतो. लांब हाडांच्या आत दाह होतो, आज हा पाय तर पुढच्या महिन्यात तो पाय दुखतो, आणि शेवटी ते आपोआप थांबतं. पण हे निदान तपासणीनंतर करायचं असतं, तपासणी टाळण्यासाठी नाही. कारण त्याच वयात, तसंच लंगडायला लावणारे दुसरेही आजार आहेत: खुब्याचा सांधा नीट न बसणं, कोपराच्या सांध्यात हाडाचा तुकडा सुटणं, खांद्यातली कूर्चा सोलवटणं, लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं. आपल्याकडे गोचिडांच्या तापानेही सांधे दुखतात. हे आजार 'मोठं झालं की जातं' या जातीचे नाहीत. त्यातले काही पिल्लू मोठं होईपर्यंत सांधा झिजवून ठेवतात.

आणि ते कॅल्शियम. मोठ्या कुत्र्याला पुरेसं कॅल्शियम मिळालं की त्याचं आतडं शोषण कमी करतं. लहान पिल्लाला, विशेषतः सहा महिन्यांखालच्या, हे धड जमत नाही. जेवढं ओताल त्यातलं बरंचसं अंगात जातं. 1980च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर अभ्यास झाले, तेव्हा जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते हे दिसून आलं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या तयार खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. त्यावर सिरप म्हणजे चालू सिस्टिममध्ये न वाचता पॅच मारणं. उलट, जे पिल्लू फक्त दूध-पोळीवर किंवा भात आणि बिनहाडाच्या चिकनवर वाढतंय, त्याला कॅल्शियम खरंच कमी पडू शकतं. म्हणजे प्रश्न ताटात काय आहे हा आहे. तो मला बागेत कुणी विचारला नाही, दुकानातही नाही.

याहून वाईट सल्ला म्हणजे घरातल्या डब्यातली वेदनाशामक गोळी. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ते करू नका. थोडीशीही नाही.

शेवटी व्हेटकडे गेलो तर खारी तिथे राणीसारखी चालली. नवी जागा, नवे वास, दुखणं गायब. डॉक्टरांनी एकच विचारलं, "व्हिडिओ आहे?" माझ्या फोनमध्ये तिचे चारशे व्हिडिओ होते. झोपलेली, शिंकणारी, टोपी घातलेली. लंगडतानाचा एकही नव्हता. लंगडली की मी फोन खाली ठेवायचो. ते रेकॉर्ड झालं तर खरं होईल, असं काहीतरी डोक्यात असावं.

मग दोन आठवडे नोंदी ठेवल्या. कोणता पाय, झोपेतून उठल्यावर की खेळून आल्यावर, किती वेळ. स्लो मोशनमध्ये पाहिलं तर दुखऱ्या पायावर वजन पडताना ती डोकं वर उचलत होती आणि चांगल्या पायावर खाली टाकत होती. दर वेळी तोच डावा पाय. त्यानंतर एक्स-रे आणि सीटी स्कॅन. निदान: कोपराचा सांधा, आत सुटलेला हाडाचा तुकडा.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. ती आता दोन वर्षांची आहे, पळते, पण त्या सांध्यात संधिवात येणार हे ठरलेलं आहे. दोन महिने आधी गेलो असतो तर तो टळला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण ते दोन महिने तिने दुखरा पाय घेऊन गुळगुळीत टाइल्सवर आणि तीन मजल्यांच्या जिन्यावर काढले, एवढं मला माहीत आहे. आता घरभर रबरी मॅट आहेत आणि तिचं जेवण वजनकाट्यावर मोजलं जातं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली छापून आला. त्यात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवातही उशिरा आला. आपल्याकडे गुबगुबीत लॅबचं कौतुक होतं. ते कौतुक सांध्यांवर पडतं.

'एवढ्या तपासण्या म्हणजे लुटालूट' असंही ऐकलं. खर्च होतो, नाकारत नाही, आणि प्रत्येक लंगडण्याला सीटी लागत नाही. एखाद्या वेळी पाय लचकला असेल तर दोन दिवस आराम देऊन बघा. पण लंगडणं परत आलं तर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांकडे जा. पाय टेकवतच नसेल, सूज असेल, ताप असेल, खाणं सोडलं असेल तर त्याच दिवशी जा. आणि पिल्लू घेताना डोळ्यांचा रंग आणि केसांची चमक बघता, तसे आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा. मी मागितले नव्हते. ग्राहक मागत नाही तोवर विकणारा ते कशाला काढेल?

पाय दुखायचे तेव्हा मी रडायचो, म्हणून आजी तेल घेऊन उठायची. खारी रडली नाही. ती थोडं लंगडायची, मग माझ्याकडे बघून शेपूट हलवायची. त्या शेपटीला मी 'बरं आहे' असं वाचत राहिलो.