फरिश्ताने पाहिलेले नगर

इराणी वंशाचा इतिहासकार फरिश्ता लहानपणीच वडिलांसोबत कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून नगरला, म्हणजे अहमदनगरला, आला. हे शहर वसल्यापासून दोनच वर्षांत बगदाद-कैरोच्या तोडीचे झाले, असे त्याने लिहून ठेवले. ते वाचून आपली छाती फुगते. पण त्याची पुढची पाने आपण उलटत नाही.

फराहबाग महाल पुरा करणाऱ्या वजीर सलाबतखानाला नगरचा सुलतान मुर्तझा निजामशहाने कैदेत टाकले. १५८८ मध्ये त्याच मुर्तझाला पोटच्या मुलाने हमामखान्यात कोंडून मारले. राजवाड्याच्या पहाऱ्यावर असलेला फरिश्ता वाचला, तो केवळ शाहजाद्याने जुना सहाध्यायी म्हणून त्याला ओळखले म्हणून. वर्षभरात तो शाहजादाही मारला गेला. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैरात रक्ताचे पाट वाहिले. फरिश्ताने विजापूर गाठले. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला.

एक गोष्ट यातून उघड होते. तट ढासळण्याआधी दरबार ढासळला होता. गटबाजीपुढे शहर दुय्यम ठरले, की फराहबागेभोवतालचा तलावही कोरडा पडतो.

२०२४ मध्ये याच शहराला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या या राज्यकर्तीचे नाव मिरवायचे, तर कारभारही त्या तोलाचा हवा. उद्या एखादा परदेशी प्रवासी इथे आला, तर तो पाटीवरचे नाव वाचून थांबणार नाही. रस्ता, गटार आणि नळही पाहील. त्याने काय लिहावे, हे आपल्याच हाती आहे.