शंखी गोगलगाय पाहा, पाळू नका

पाऊस पडला की बांधावरची मुठीएवढी शंखी गोगलगाय मुले डब्यात घालून घरी आणतात. कोबीचे पान टाकले की तिचे खाणे तासभर बघत बसावे असेच असते; जीभ कानशीसारखी, तिच्यावर हजारो बारीक दात. ब्रिटनमध्ये लोक ती हौसेने पाळतात, अमेरिकेत त्यावर बंदी आहे. पेडगावच्या पालकांनी इथे अमेरिकेचे ऐकावे.

मूळची पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात आणून सोडली गेली. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे तिने कोवळे सोयाबीन फस्त केले, दुबार पेरणीची वेळ आली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे अंडी कोणतीही घालू शकते. एका वेळी शंभरावर, साबुदाण्यासारखी. डब्यातली माती उकिरड्यावर गेली, की खताबरोबर ती शेतात पोचलीच म्हणा!

शिवाय तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येते. म्हणून उघड्या हाताने धरू नये.

मुलांना बघायचेच असेल तर संध्याकाळी बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट टाका. सकाळी हातमोजे घालून खालच्या गोगलगाई मोजा, वहीत आकडा लिहा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका.