नळ गोड, हापशी खारी

अमरावतीत किंवा अकोल्यात रूम करून राहणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. "इथल्या पाण्यानं केस गळतात यार." साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल सहा महिन्यांत चुन्यात गाडलेली. मग कुणीतरी ऑनलाइन टीडीएस मीटर मागवतं, ग्लासात बुडवतं, आकडा बघून "बाप रे" म्हणतं आणि निकाल लागतो: आपण खारपाणपट्ट्यात राहतो ना, म्हणून.

थांबा जरा. तुमच्या नळाला जे पाणी येतं ते खारपाणपट्ट्याचं नाहीच. अमरावतीला ते मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याहून येतं, अप्पर वर्धा धरणातून. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून. दोन्हीकडे पावसाचं साठवलेलं पाणी. अमरावतीची गंमत तर अशी, की वर्धा नदी गोदावरीच्या खोऱ्यातली आणि खारपाणपट्टा पूर्णेचा, म्हणजे तापीच्या खोऱ्यातला. आपण शेजारच्या खोऱ्यातलं पाणी पितो. मग बादलीला थर कसा? कारण नळ रोज येत नाही, आणि तो नसतो तेव्हा घरमालक बोअर चालू करतो. शहराखाली काळा दगड आहे, त्या दगडातून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. हे झालं जड पाणी, शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन'. त्रासदायक असतं, खारं नसतं.

खारं पाणी बघायचं तर दर्यापूरची एसटी पकडा. किंवा भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा, पुढे बुलडाण्यातलं संग्रामपूर, शेगाव. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा गाळाचा पट्टा. 'पोकरा' प्रकल्प सुरू झाला तेव्हा पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची ९३२ गावं सरकारनं त्यात धरली होती. त्यावरून अंदाज घ्या. इथे विहीर खणली, बोअर मारलं, हापशी बसवली, तरी वर येतं ते मचूळ. शेताला दिलं तर काळी माती आणखी चोपण होते, म्हणून नदीकाठचा शेतकरीही पावसाच्याच भरवशावर कपाशी, तूर, हरभरा घेतो.

गावात विचारा, लोक सांगतील की इथे पूर्वी समुद्र होता. गोष्ट छान आहे, पण अभ्यासक बोट दाखवतात ते वेगळ्याच कारणांकडे. सातपुड्याकडून आणि दक्षिणेच्या डोंगरांकडून आलेला गाळ पूर्णेच्या खोलगट पट्ट्यात शेकडो फूट साचला. हवामान कोरडं, माती चिकण, निचरा कमी. पाणी वाफ होऊन उडत राहिलं, क्षार मागे साचत राहिले. वाळवंटात जे होतं तेच इथे झालं, फक्त वर वाळूऐवजी कपाशी दिसते म्हणून आपल्याला ते वाळवंट वाटत नाही.

किती खारं? अकोला तालुक्यात दहीहांडा नावाचं गाव आहे. १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या वऱ्हाडानं काय करावं? या गावच्या विहिरीचं पाणी आटवून मीठ काढलं. इतिहासात आपण अभिमानानं सांगतो ही गोष्ट. पण ज्या गावच्या विहिरीतून मीठ निघतं, त्या गावानं प्यायचं काय, हा प्रश्न सत्याग्रहाच्या धड्यात येत नाही.

आता त्या टीडीएस मीटरकडे वळू. पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज तो देतो. क्षार कॅल्शियमचा आहे की सोडियमचा, त्यात नायट्रेट आहे की फ्लोराइड, यातलं त्याला काहीही कळत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) लिटरमागे टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. जडपणा २०० पर्यंत, पर्याय नसेल तर ६००. पण नायट्रेटला ४५ च्या पुढे एक मिलिग्रॅमचीही सवलत नाही. म्हणजे मीटरवर ७०० दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही आणि ३०० दिसलं म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. केसांबद्दलही सांगून टाकते: जड पाण्यानं केस राठ होतात, शाम्पू नीट धुतला जात नाही. टक्कल पडतं, याला ठोस पुरावा नाही.

केसांचा विषय निघाला की शेगाव आठवणारच. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत काही दिवसांत लोकांचे केस मुळापासून गळू लागले. पहिला संशय कुणावर? अर्थात खाऱ्या पाण्यावर. नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने तपासून वेगळंच सांगितलं, की रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियममुळे हे झालं. मला यातली पाण्यावर आलेली पहिली प्रतिक्रिया महत्त्वाची वाटते. लोकांचा आपल्या पाण्यावर इतका अविश्वास आहे, की काहीही झालं तरी आरोपी आधीच ठरलेला असतो. किडनीच्या आजाराचंही असंच. या पट्ट्यातल्या गावांत किडनीचे रुग्ण जास्त असल्याची ओरड कित्येक वर्षांची आहे. पाणीच कारणीभूत आहे हे सिद्ध झालेलं नाही. पण 'सिद्ध झालेलं नाही' म्हणजे 'पाणी निर्दोष' असंही नाही. घरात डायलिसिसचा पेशंट असलेल्याला हे वाक्य कसं लागत असेल, याचा विचार करा.

वाळवंटातली शहरं काय करतात? दुबई समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडते. लास वेगास कोलोरॅडो नदीच्या लेक मीडमधून पाणी आणतं. ते वाटेतल्या चुनखडीतून आल्यामुळे चांगलंच जड असतं, तरी लोक पितात. म्हणजे वाळवंटात पाणी गोड मिळणं हा निसर्गाचा भाग कमी आणि पाइपलाइनचा जास्त. आपल्याकडेही तेच आहे. शहानूर धरणातून अंजनगाव-दर्यापूरकडच्या १५६ गावांची योजना आहे, वान धरणातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ गावांची. पाइप पोचला तिथलं पाणी गोड झालं. जिथे पाइप फुटला, वीजबिल थकलं किंवा गाव टोकाला पडलं, तिथे परत हापशी आणि कॅन.

आणि पाइप कुणाला द्यायचा, यावर भांडण आहे. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांसाठी वानचं पाणी नेण्याच्या योजनेला स्थगिती मिळाली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये आमदार नितीन देशमुख खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. बातम्यांत ते ठाकरे गट विरुद्ध फडणवीस असं रंगलं. पण दुसरी बाजू तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांची होती. धरण सिंचनासाठी बांधलं, पिण्यासाठी आरक्षण वाढत गेलं तर आमच्या शेताला काय उरणार, हा त्यांचा सवाल. खरं तर तेही खारपाणपट्ट्याचेच लोक. एका तहानलेल्यासमोर दुसरा तहानलेला उभा करायचा आणि मग गंमत बघायची, हे राजकारण आपल्याला नवीन नाही.

दरम्यान मोठ्या घोषणा चालूच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोडला राज्याच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये तापी मेगा रिचार्जसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं करार केला, तेव्हाही खारपाणपट्ट्याचं नाव घेतलं गेलं. हे प्रकल्प झाले तर चांगलंच आहे. पण नदीजोड पूर्ण होईपर्यंत आज बारावीत असलेल्या मुलांची लग्नं होऊन गेलेली असतील. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, २०२४ ची मुदत होती, ती २०२८ वर गेली. त्यातही मोजणी होते नळजोडणीची. कागदावर निकष आहे माणशी रोज ५५ लिटर, तेही मानकात बसणारं पाणी. तोटी बसली, फोटो निघाला, पण तोटीतून गावच्याच बोअरचं पाणी येत असेल तर ते काय कामाचं?

मधल्या काळात बाजारानं आपली सोय करून घेतली आहे. गावोगावी फिल्टर प्लांट, वीस लिटरचा कॅन. परवडतो तो घेतो. आरओ जितकं पाणी गाळतो त्यातलं बरंचसं आणखी खारं करून फेकतो, आणि ते नालीतून परत त्याच जमिनीत मुरतं. उलट शहरात, जिथे धरणाचं पाणी आहे, तिथेही घरोघरी आरओ. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. तुमच्या रूमवर नळाचं पाणी येत असेल तर साधा गाळणीवाला फिल्टर किंवा उकळणं पुरतं. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरं बसतं तो जडपणाचाच एक भाग असतो. गिझरसाठी लिंबूसत्व.

इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला आणि केमिस्ट्रीच्या बीएस्सीला आपण सगळेच ईडीटीएचं टायट्रेशन करतो. वाइनचा रंग निळा झाला की रीडिंग घ्यायचं, जर्नलमध्ये आधीच्या बॅचचा आकडा उतरवायचा, सही. पाणी लॅबच्या नळाचं, म्हणजे धरणाचं. वर्गात दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूरची पोरं बसलेली असतात आणि दर शनिवारी गावी जातात. सोमवारी प्रत्येकानं हापशीची एक बाटली आणली, तर एका बॅचमध्ये पन्नास गावांचा जडपणा निघेल. नायट्रेट-फ्लोराइडचं किट ग्रामपंचायतीत असायला हवं, जलजीवनमध्ये गावातल्या बायकांना ते वापरायचं प्रशिक्षणही ठरलेलं आहे. ते कपाटात आहे की वापरात, हे या शनिवारी विचारून या. आकडे आले की या पानाला पाठवा, गावाच्या नावासकट छापू.